बासष्ट पावलं

कुलपांच्या कारखान्यात गुणवत्तेच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'मोजपट्टी' म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वेळ, चूक, पाऊल, जे दिसेल ते मोजायचं आणि कमी करायचं, हेच त्यांचं काम. अकरा वर्षांत बिघडलेली कुलपं शंभरात सातावरून एकावर आणली होती त्यांनी. त्याच अकरा वर्षांत त्यांच्याशी बोलणारी माणसंही तेवढीच कमी झाली, पण ते काही त्यांनी मोजलं नाही.

या वर्षी त्यांनी चालणं मोजायला घेतलं. कारखान्याचा नकाशा भिंतीवर लावला आणि आठ दिवस प्रत्येकाच्या फेऱ्या रंगीत पेन्सिलींनी त्यावर काढल्या. बाकीच्या रेघा बऱ्यापैकी सरळ निघाल्या. तांबडी तेवढी वेडीवाकडी. ती आक्कांची. आक्का म्हणजे तयार कुलपात चावी फिरवून बघणाऱ्या बाई, साहेबांहून चार वर्षांनी मोठ्या. न उघडणारी कुलपं त्यांनी मागच्या रॅकवर ठेवायची, बावीस पावलांवर. पण या बाई दिवसातून तीनदा ट्रे घेऊन साहेबांच्या खोलीवरून वळसा घालत. बासष्ट पावलं! शिवाय दारात थांबून सकाळी विचारत, "चहा झाला का?" दुपारी, "जेवलात का?" संध्याकाळी, "आज तरी वेळेवर निघा." साहेब कागदातून मान वर न करता म्हणत, "हं."

साहेबांनी रॅक उचलून आक्कांच्या टेबलाला चिकटवला. दिवसाची नऊ मिनिटं वाचली, त्यात अठरा कुलपं जास्त. मालकांनी चारचौघांत पाठ थोपटली, चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं.

पहिले दोन दिवस साहेबांना शांतता बरी वाटली. तिसऱ्या दिवशी डबा भरलेला तसाच घरी गेला. घरी तरी कोण बसलं होतं विचारायला? डबा भरणारे तेच आणि धुणारेही तेच.

रविवारी बहिणीचा फोन आला. "दादा, तिकडे कुणाशी दोन शब्द बोलतोस की नाही?"

"बोलतो की! आमच्या आक्का आहेत ना," साहेब म्हणाले, आणि आक्का दारात शेवटच्या कधी आल्या ते बोटांवर मोजू लागले.

सोमवारी ते नकाशापुढे उभे राहिले. चूक सापडली की पाच वेळा 'का' विचारायचं, हे त्यांनीच सगळ्यांकडून घोकून घेतलेलं. तांबड्या रेघेबद्दल मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. आता एकदाच विचारलं आणि तेवढं पुरलं. आक्कांचं त्यांच्या दाराशी काहीच काम नव्हतं. एवढ्या मोठ्या कारखान्यात त्यांची विचारपूस करणारं एकच माणूस होतं, आणि त्यांनी ते फुकट जाणारी पावलं म्हणून खोडून टाकलं होतं. साहेबांना स्वतःची लाज वाटली. आणि फार एकटं वाटलं.

दुपारी दोनला ते त्याच तांबड्या रेघेच्या वाटेने आक्कांच्या टेबलाशी गेले. "आक्का, जेवलात का?"

"हं," आक्का म्हणाल्या. मान खाली. चावी आत, फिरवली, बाहेर. मग त्यांच्याच लक्षात आलं. "रागावू नका हं साहेब. अठरा नग वाढलेत ना. एका कुलपाला अर्धं मिनिट लागतं. बोलत बसले तर मागे पडते मी."

"मग एक मी बघतो," साहेबांनी घाईघाईने ट्रेमधलं कुलूप उचललं. "तेवढं अर्धं मिनिट तुम्ही बोला."

आक्का वर बघून हसल्या. "ठेवा ते. दुसऱ्याने तपासलेल्या कुलपावर माझा शिक्का चालत नाही. नियम तुमचाच आहे."

साहेबांनी कुलूप होतं तिथे ठेवलं. आक्कांचा हात पुढच्या कुलपाकडे गेलाही होता. ते आपल्या खोलीत परत आले, डबा पुढ्यात घेतला आणि दाराकडे बघत राहिले.

"नाही हो आक्का," ते मोकळ्या दाराला म्हणाले, "अजून जेवलो नाही."