टाकीवाल्यांचं नाक

"झाली का हो स्वच्छ?" गॅरेजच्या दारातल्या खुर्चीवर बसलेल्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

टाकीवाले बाकावर ठेवलेल्या गाडीच्या पेट्रोल-टाकीच्या तोंडाशी वाकले होते. डोळे मिटून त्यांनी श्वास ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. पेट्रोल नाही, गंज नाही, धुतलेल्या सोड्याचाही वास नाही.

"बघतोय," ते म्हणाले.

गाडी डॉक्टरांच्या वडिलांच्या वेळची. बाकी सगळी ठणठणीत, टाकीच्या तळाची मात्र गंजून चाळण झालेली. डॉक्टर तर नवीन टाकीच बसवून घ्यायला निघाले होते. "मी किडलेला दात उपटतो, आणि तुम्ही सांभाळत बसणार!" असं हसलेही होते. पण टाकीवाले हट्टाला पेटले. "अंग चांगलं आहे हिचं. तळाला ठिगळ लावून देतो, बघाच."

खरं सांगायचं तर हट्ट टाकीसाठी नव्हताच. थंडीतल्या त्या मेल्या तापाने त्यांचा वास नेला होता. घरी शेगडीवर पातेलं करपून कोळसा झालं, तरी हे तिथेच बाजूला खुशाल पेपर वाचत बसलेले. तेव्हापासून बायको मागे लागली होती, "धाकट्या भावजींना सांगा एकदा." ते म्हणत, "येईल गं परत. वासच तो, जाऊन जाऊन जाणार कुठे?" आणि वास नसलेला टाकीवाला म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ही टाकी झाळून सांधता आली, तर आपण अजून कामाचे आहोत, एवढंच त्यांना स्वतःला पटवायचं होतं.

कष्टात त्यांनी कसूर केली नव्हती. गंज सुटावा म्हणून टाकीत साखळीचे तुकडे टाकून, खांदे भरून येईपर्यंत ती घुसळली. लालभडक पाणी ओतलं, गरम पाण्याने पुन्हापुन्हा धुतली, उन्हात वाळवली. आता डाग द्यायचा, म्हणजे बत्तीच्या ज्योतीने कथील वितळवून ठिगळ सांधायचं. पण टाकीत पेट्रोलची वाफ राहिली आणि ज्योत लागली, की बॉम्बच. म्हणून आधी हुंगायचं. धाकट्या भावाला हे काम शिकवताना त्यांनी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात ठोकून बसवली होती : ज्याच्या हातात ज्योत, त्यानेच हुंगायचं. दुसऱ्याच्या नाकावर विसंबायचं नाही.

इतकी धुतलीय, असणार कुठून, असं मनाशी म्हणत त्यांनी बत्ती उचलली. काडी पेटीवर टेकवली.

"दादा! अरे थांब!"

धाकटा दारातूनच ओरडला. धावत येऊन त्याने काडी हिसकावली. "डोकं फिरलंय का तुझं? पेट्रोलचा भपकारा सुटलाय! टाकीतल्या पत्र्याच्या पडद्यामागे राहिलंय, उन्हाने वर आलंय. तुला येत नाही वास?"

टाकीवाल्यांनी बत्ती खाली ठेवली.

"दादा?"

"नाही येत."

"कधीपासून?"

"तापापासून."

"वहिनीला माहीत आहे?"

त्यांनी होय म्हणून मान हलवली. धाकटा मटकन बाकावर बसला. "आणि मी कोण? परका?"

दारातून डॉक्टर गोंधळून म्हणाले, "वास मलाही येत होता हो. मला वाटलं, गॅरेजात येतच असेल."

ते ऐकून टाकीवाल्यांनी वळून डॉक्टरांकडे पाहिलं. स्वतःचं जाऊ दे. तो भला माणूस हाकेच्या अंतरावर बसला होता. आपल्या हट्टापायी त्याच्या चिंधड्या झाल्या असत्या. त्यांना घाम फुटला, आणि लाजही वाटली.

दोघांनी मिळून टाकी पुन्हा धुतली. पडद्यामागचं निघेपर्यंत ती उलटीसुलटी केली, वाळवली. मग धाकट्याने टाकीच्या तोंडाला नाक लावून बराच वेळ हुंगलं.

"साफ आहे," तो म्हणाला. आणि हलकेच बत्ती भावापुढे धरली. "घे. मी हुंगत जाईन, तू डाग देत जा. कुणाला कळणार आहे?"

टाकीवाल्यांनी बत्तीकडे पाहिलं. हात उचललाही गेला. धाकट्याचा डाग जाड पडायचा, त्यांच्यासारखी रेघ त्याला कधी जमली नव्हती. त्यांनी हात मागे घेतला.

"नाही. तू हुंगलंस, तूच दे."

"अरे पण—"

"तूच दे म्हणतो ना! माझं झालं रे आता."

धाकट्याचे डोळे भरून आले. पाठ वळवून तो कामाला लागला.

टाकीवाले बाहेर आले. डाग देताना दुसऱ्याने आत थांबायचं नसतं. डॉक्टर उठून उभे राहिले होते. "काय, तुम्ही बाहेर?"

"आता तो करतो."

"जमेल त्याला?"

"जमेल की. हात बरा आहे."

आतून ज्योतीचा फरफर आवाज आला. मोठी होती. इतक्या आचेने पत्रा वाकणार. 'कमी कर' म्हणायला टाकीवाल्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. थोड्या वेळाने ज्योत आपसूक खाली आली.

"बसा ना," डॉक्टरांनी खुर्ची पुढे सरकवली.

ती गिऱ्हाइकांची खुर्ची. टाकीवाले जरा घुटमळले, मग बसले.