रेंजमधला फोटो

घरकुलाच्या यादीत आपलं नाव असणार, याबद्दल गोजाबाईला तिळमात्र शंका नव्हती. फोटो काढणारा घरचा होता ना. सतीश, तिच्या थोरल्या दिराचा मुलगा. त्याची आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि त्याचा भाऊ जगदीश अंगावर पिणारा. दोघांना गोजाबाईनं वाढवलं. स्वतःला मूल नव्हतं, त्यामुळे हात राखून तिनं काहीच केलं नाही. आता सतीश गावचा रोजगार सेवक झाला होता. कामावरच्या मजुरांची हजेरी त्याच्याकडे, आणि गेल्या हिवाळ्यात ज्यांना धड घर नाही अशांचा नवा सर्वे निघाला, तेव्हा फोटो काढायचा मोबाइलही त्याच्याच हातात. म्हणजे सरकारच घरात आलं, असं ती वाडीभर सांगत फिरली.

तिचं घर म्हणजे कारवीच्या काड्यांच्या भिंती, वर शेणमातीचा लेप आणि मधल्या मेढीला, म्हणजे खांबाला, वाळवी. ती मेढ केरूनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दोरखंडानं आवळून उभी ठेवली होती. आणखी दोन पावसाळे ती काढणार नाही, हे दोघांनाही दिसत होतं.

सर्वे झाला तो म्हसा गावच्या जत्रेच्या दिवसांत. सतीश म्हणाला, काकी, तुझं घर ओढ्याच्या कडेला, तिथं रेंज नाय, फोटो जायचाच नाय, माझ्या ओट्यावर चल. त्याचं पक्कं घर वाडीच्या उंचवट्यावर होतं, आणि रेंज तिथंच मिळते हे शेंबडं पोरही सांगेल. कल्याणला फोन लावायचा तर सगळी वाडी त्याच्याच अंगणात चढते. गोजाबाईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. निघताना केरू म्हणाला, पदर नीट घे, फोटो चांगला आला पाहिजे. ती सतीशच्या पोपटी भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. मोबाइलला चेहरा ओळखू यावा म्हणून त्यानं डोळे मिचकावायला सांगितले, तिनं मिचकावले. पोराचे कष्ट बघून तिला इतकं भरून आलं की दुपारी तिनं त्याच्याकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी पोचती केली.

वैशाखात पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. अंगणवाडीच्या बाईंनी वाचून दाखवली. गोजाबाई अपात्र, कारण पक्कं घर आहे. गोजाबाईला हसूच आलं. तिचं पक्कं घर कुठं आहे ते तिलाही बघायचं होतं. सतीश म्हणाला, वरून झालं, कॉम्प्युटरनं काढलं, पुढच्या टायमाला बघू. पुढचा टाइम कधी, ते त्यानं सांगितलं नाही. पोराच्या डोक्याला आणखी ताप नको, म्हणून ती त्याला न सांगता एकटीच जीपनं मुरबाडला, तालुक्याच्या कचेरीत गेली. इतकं भाबडं असू नये माणसानं, पण होती.

कचेरीतला कारकून बरा निघाला. त्यानं तिला बसायला दिलं आणि कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. पडद्यावर ती स्वतः होती, ठेवणीतल्या लुगड्यात, आणि मागे पोपटी भिंत. अहो, ते पुतण्याचं घर, तिनं समजावून सांगितलं. माझ्याकडं रेंज नाय म्हणून तिथं उभी केलेली त्यानं.

कारकुनानं चष्मा काढला. "मावशी, फोटोला रेंज लागत नाही. भर जंगलातसुद्धा निघतो. माणूस रेंजमध्ये आला की मग आपोआप जातो. सर्वे करणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे शिकवलंय."

गोजाबाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. कारकुनाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं त्याच वाडीची बाकीची नावं उघडली. तुमचं घर यातलं कुठलं, असं विचारत एकेक फोटो पुढे सरकवत गेला आणि एकाएकी तिनं बोट टेकवलं. तिचं दार. उघड्या दारातून आतली दोरखंडानं आवळलेली मेढही दिसत होती. दारात उभा होता जगदीश. कल्याणच्या गोदामात कामाला असलेला, जत्रेसाठी म्हणून आलेला. त्या दिवशी त्यानं चहा मागितला होता. ती आत चुलीपुढे बसली तेवढ्यात बाहेर सतीशच्या मोबाइलपुढे उभं राहून त्यानं तिचं घर आपलं करून टाकलं होतं. नावापुढे लिहिलं होतं, मंजूर.

केसानं गळा कापला होता पोरांनी. जीपमध्ये ती सारा रस्ता एकच विचार करत होती, की केरूला हे सांगायचं कसं. त्याची छाती आधीच अधू. ऐकून त्याला काही झालं तर काय करायचं?

केरू अंगणात विळ्याला मूठ बसवत होता. तिनं सांगितलं. रेंजचं सांगितलं, पोपटी भिंतीचं सांगितलं, जगदीशचं सांगितलं. केरूनं मान वर केली नाही. एक प्रश्नही विचारला नाही. ज्याला काहीच नवं नसतं तो माणूस असा बसतो.

"तुमाला ठावं होतं," ती म्हणाली.

"जागा माझ्या नावावर. कागदावर माझा अंगठा लागत होता," केरू म्हणाला. "जगदीशला घर असल्याबिगर पोरगी कोण देणार? आपल्यामागं सगळं त्यांचंच हाय. आपल्याला एक खोली देणार बोललेत."

"आनि मला कधी सांगणार होता?"

"घर उतरवायच्या आधी सांगितलंच असतं गो."

त्या घराची माती तिनं ओढ्यावरून डोक्यानं वाहिली होती. दर दिवाळीला भिंती तिनं सारवल्या होत्या. पोरं परक्याच्या पोटची, त्यांचं एक वेळ समजून घेता आलं असतं. पण पदर नीट घे म्हणाला होता हा माणूस. कुठल्या भिंतीपुढे ती उभी राहणार ते माहीत असताना म्हणाला होता. राग तिला सतीशचा आला होता, जगदीशचा आला होता. केरूचा राग नाही आला. त्याच्याजवळ बसवेना, एवढंच झालं.

सकाळी सतीश आला. केरूनंच निरोप धाडला असणार. तो गोडीनं बोलला. घर कुणाच्या का नावावर असेना, राहणार आपणच. तक्रार केलीस तर माझं काम जाईल, जगदीशचं घर जाईल, आणि तुलाच मिळेल याचा भरवसा काय? शेवटी म्हणाला, "काकी, घरातली गोष्ट कचेरीत नेतात का?"

गोजाबाईनं त्याला चहा विचारला नाही. पिशवी उचलली आणि जीप गाठली.

कारकुनानं कोरा कागद घेतला आणि ती सांगेल तसं लिहू लागला. सतीशचं नाव तिनं सांगितलं, जगदीशचं सांगितलं. मग त्यानं विचारलं, जागेचं संमतीपत्र कुणी दिलं?

"मालकांनी."

"त्यांचं नाव?"

लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिनं तोंडातून काढलं नव्हतं. दवाखान्यात, बँकेत, रोजगाराच्या कामावर, कुठंही विचारलं की ती रेशनकार्ड पुढे करायची आणि लोक वाचून लिहून घ्यायचे. तिच्या वयाच्या सगळ्याच बायका तसं करतात. कारकुनालाही ते ठाऊक होतं. त्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, कार्ड द्या मावशी, बघून लिहितो.

कार्ड पिशवीत होतं. तिनं पिशवीचं तोंड मुठीत धरून ठेवलं.

"लिहा," ती म्हणाली. "केरू."

कारकून थांबला. त्यांच्या वडिलांचं नाव, त्यानं हळूच विचारलं.

"धाऊ," गोजाबाई म्हणाली. नवऱ्याचं एकदा घेतल्यावर सासऱ्याचं नाव घ्यायला तिला जड गेलं नाही.