अक्काने नेमलेली बाई

अक्काची कायदेशीर काळजीवाहक म्हणून शेवटी सरकारी दवाखान्यातल्या खिडकी क्रमांक तीनवरची बाई नेमली गेली. पण तसं काही झालंच नाही असं समजून पुढे जाऊ. लिफ्ट मेकॅनिकही अजून तेच समजतोय.

तो अक्काचा धाकटा भाऊ. अक्काला आठ वर्षं आवाज ऐकू येतात, आणि आठ वर्षं तो त्या आवाजांशीही अदबीने बोलतो. काळजीवाहकाचं प्रमाणपत्र मिळालं की औषधं बदलताना डॉक्टर त्याला कळवणार होते. शिवाय वर्षाला सात दिवस हक्काची रजा. अट एकच, काळजीवाहक रुग्णानेच निवडायचा.

"तुमची काळजी कोण घेतं?" खिडकीवरच्या बाईंनी अक्काला विचारलं.

"तुमचंच नाव लिहा," अक्का म्हणाली. "आल्याआल्या बसा म्हणालात."

"अहो, मी कशी? भाऊ आहेत ना शेजारी."

"त्याचा अवतार बघा. परवा लिफ्टमध्ये उभ्याउभ्या झोपला, चार वेळा वरखाली झाला. सोडा आता त्याला."

"अक्का, पुरे गंमत."

"गप रे. आज मी बरी आहे. म्हणून तर विचारतायत."

बाईंनी नियम उघडला. रुग्ण सांगेल तेच नाव लिहायचं होतं; त्यांनी लिहिलं. मग वीस वर्षांच्या सवयीने, जिथे जिथे पेन्सिलची फुली दिसली तिथे तिथे सही ठोकली. काळजीवाहकाच्या संमतीपुढेसुद्धा. शिक्का बसला आणि तिघंही कागदाकडे बघत राहिली.

"आता?" त्याने विचारलं.

"रद्द करायला काळजीवाहकाचा अर्ज लागतो."

"मग करा की!"

"करते. रजेवरून आल्यावर." बाई ओशाळल्या. "सात दिवस मिळतायत हो. आमच्या सासूबाईपण अशाच आहेत. आजवर एक दिवस कुणी दिला नाही."

"आणि अक्काची औषधं?"

"डॉक्टर मला कळवतील. तुम्हाला नाही सांगता येणार. गोपनीय असतं."

अक्का खुशीत होती. "जा, झोप जा," ती भावाला म्हणाली.

तो गेला नाही. बाईंकडून कोरा कागद मागून घेतला आणि उभ्यानेच लिहिलं:

'विनंती अर्ज. सदर रुग्णाच्या काळजीतून मला मुक्त केल्याचे समजले. तरी रोज सकाळी पावणेआठ वाजता तिची वेणी घालण्याची परवानगी पुढील आदेश होईपर्यंत कायम ठेवावी. सैल वेणी तिला चालत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.'