कोण कोणासाठी थांबलंय

उन्हाळ्यात आमच्या रानात प्रत्येक घरी फ्रिजवर एक कागद असतो. वणवा आला तर कोणी काय करायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या कागदावर माझ्या नवऱ्याने, रॉसने, ठळक अक्षरात लिहिलं होतं: ‘आई आली की निघायचं.’

त्या दुपारी आकाश विटकरी झालं. वीज पहाटेच गेली होती, मागोमाग फोनही बंद पडले होते. सामान गाडीत होतं. उडत्या ठिणग्यांनी छप्पर पेटू नये म्हणून रॉस छपराच्या पन्हळीत चिंध्यांचे बोळे कोंबून पाणी भरत होता. सासूबाई, बेरिल, टेकडीपलीकडे चार किलोमीटरवर एकट्या राहतात. त्यांचा पत्ता नव्हता.

हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी लॅपटॉपवर माझं गाव उघडलं. गेम आहे तो. त्यातली इवलीशी माणसं लाकडं तोडतात, घरं बांधतात. दोन दिवस मात्र मेली नुसती उभी होती.

“इथे रान पेटलंय आणि तू गेम खेळतेस?” रॉस शिडीवरून ओरडला.

“मग काय करू? तुझ्या डोक्यावर येऊन बसू?”

“बस. येताना पाणी तेवढं आण.”

त्याला पाणी दिलं आणि परत येऊन एकेका माणसावर क्लिक करत गेले. लाकूडतोड्या कुऱ्हाडीसाठी थांबला होता. लोहार कोळशासाठी. कोळसेवाला लाकडासाठी. म्हणजे आळशी कोणीच नव्हतं. तिघंही शहाण्यासारखे आपापल्या जागी थांबले होते, एकमेकांसाठी. असेच जन्मभर थांबले असते.

मी लॅपटॉप खाडकन मिटला. ख्रिसमसला सासूबाईंच्या फ्रिजवरचा कागद मी वाचला होता. त्यांचं ते तिरकं अक्षर: ‘रॉसची गाडी फाटकाशी आली की निघायचं.’ हातात पुडिंगची वाटी होती. वाचलं आणि विसरून गेले.

“रॉस! तुझी आई येणार नाही!”

“येईल गं. ठरलंय आमचं.”

“तुझं ठरलंय! त्यांच्या कागदावर लिहिलंय, तुझी गाडी आली की निघायचं. त्या तुझी वाट बघतायत!”

तो शिडीवरून उतरला. चेहरा पांढराफटक. “पण आग तिकडूनच येतेय...”

“म्हणून तर म्हणतेय, चल!”

भर दुपारी गाडीचे दिवे लावून टेकडी चढलो. काचेवर राख पडत होती. डावीकडे झाडांमागे आगीची धडधड ऐकू येत होती. मी दाराची मूठ धरून मोठ्याने रडत होते, आणि रॉस मला गप्प बस म्हणाला नाही.

सासूबाई ओसरीत खुर्चीवर बसल्या होत्या. अंगात लोकरीचा कोट, मांडीवर पर्स, पायाशी कुत्रा. त्यांची गाडी फाटकाकडे तोंड करून तयार उभी होती. घरामागचं कुंपण पेटलं होतं.

“किती रे उशीर! सकाळी सातपासून बसलेय मी.”

“अगं, मग निघायचं ना!”

“आणि मी निघून गेले, नि तू मला शोधत इथे आलास तर?”

रॉसने आईला उचललं आणि आमच्या गाडीत ठेवलं. मी कुत्र्याला ओढलं.

फाटकाबाहेर पडताना मी मागे पाहिलं. रिकाम्या खुर्चीची गादी पेटली होती.