बसले मी, हळद कपिलीला

मी मोरी बोलतेय. गुंडूची म्हैस. गाय नव्हे, म्हैस. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ऐकता ऐकता लोक मान कपिली गाईलाच देऊन टाकतात.

माझा जन्म कोडोलीचा, महाराजांच्या संस्थानातला. गुंडू पलटणीबरोबर ब्रह्मदेशाला गेला होता. येताना पांढऱ्या दगडाची, बुद्धाची वीतभर मूर्ती घेऊन आला. तिच्यासाठी लहानसं देऊळ बांधायचं त्याच्या मनात होतं, पण पाखरांशिवाय कुणाचा आवाज येणार नाही अशा जागी. बिचारा रानोमाळ हिंडला. एकही जागा त्याच्या मनाला येईना.

शेवटी त्याची बायको झुंबरबाई म्हणाली, "गाय सोडूया की. जिथं निवांत बसंल, ती जागा."

गाय! त्याच दावणीला मीही होते, पण माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. कपिलीच्या शिंगांना हळद, गळ्यात झेंडू आणि मागं हलगी वाजवत अख्खं गाव. एवढ्या गोंगाटात कोण बसेल? ती बिचकली, उधळली आणि शेजारच्या गणपतरावांच्या शाळवाच्या पिकात शिरली. मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या गडबडीत मला बांधायचं राहून गेलं. मी आपली रोजच्या जागी गेले, ओढ्याकाठच्या जांभळाखाली. संध्याकाळी गुंडू तिथंच माझी मान खाजवायचा. बसले, डोळे मिटले. जरा वेळानं दमलेली कपिली आली आणि मला खेटून बसली.

"बसली, बसली!" गाव ओरडलं. लोक तिच्या पाया पडले. मला मात्र झुंबरबाईनं ढोसून उठवलं. "सरक की गं, देवाची जागा हाय ही."

तिथंच देऊळ झालं. तेव्हापासून गुंडू रोज संध्याकाळी मूर्तीसमोर बसतो, आणि माझी मान खाजवायची तशीच राहते. कपिली परवडली म्हणायची. तिनं नुसता मान नेला, ह्या देवानं जागाही नेली आणि माणूसही.

आता मी म्हातारी झालेय, दूध आटलंय. परवा झुंबरबाई म्हणाली, "हिला बाजार दावा आता." संध्याकाळी मी गुंडूच्या मागोमाग देवळापाशी गेले.

तो मूर्तीला सांगत होता, "देवा, ही जागा मोरीनं दावलीया. तिला कुठं धाडू? हितं पावणं तू आणि मी."

मग बाहेर येऊन त्यानं माझी मान खाजवली. किती वर्षांनी!

ऐकलंत ना? पावणा. मग माझं एवढंच मागणं आहे. जागा राहू दे त्याला, पण पावण्यानं माझी संध्याकाळ तेवढी मला परत द्यावी.