उजव्या चाकाचा सुस्कारा

त्या रविवारी सकाळी सव्वादहा वाजता आमच्या इमारतीमागच्या अंगणात एकतीस माणसं होती. एकोणीस बायका, नऊ पुरुष, तीन मुलं. चार खुर्च्या, एक पांढरी चादर, पाण्याची एक बाटली. आणि मधोमध आमची गाडी. सतरा वर्षं जुनी, राखाडी, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणारी, डाव्या आरशाला चिकटपट्टी लावलेली.

गाडी अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. सात महिन्यांपूर्वी ते गेले आणि पुढचे साडेसहा महिने गाडी झाकून ठेवलेली होती. माझी थोरली बहीण घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करते. तिला रोज चाळीसेक किलोमीटर फिरावं लागतं, म्हणून तिने गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाली, "गाडी डावीकडे खेचतेय गं."

गाडीत डावीकडे आई बसायची. सतरा वर्षं तिची तीच जागा.

ताईचं हे वाक्य भिंतीपलीकडच्या काकूंनी ऐकलं. आठवड्याभरात त्या चाकबाबांना घेऊन आल्या.

चाकबाबा पन्नाशीचे, स्वच्छ दाढीचे, हातांची नखं मात्र काळी. त्यांनी आधी ताईला अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी न्यायला लावली आणि मध्येच ओरडले, "हात सोड!" ताईने हात सोडले. गाडी हळूहळू डावीकडे वळली आणि कुंड्यांच्या रांगेपाशी ताईने ब्रेक मारला. अंगणातून "अगं बाई!" असा एक सामुदायिक उद्गार निघाला.

"पाहिलंत?" बाबा म्हणाले. "उजवीकडे का नाही गेली? डावीकडेच का? माते, डावीकडे कोण बसतं?"

"मी," आई म्हणाली.

"मग तो कुणाकडे येतोय?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "अंगणाला उतार असेल. किंवा चाकात काही दोष असेल."

"कॉलेजात शिकलीस ना बाळ? तिथे पुस्तकं शिकवतात. मी चाकांची भाषा शिकलोय. चाक कसं? गोल. पृथ्वी कशी? गोल. चंद्र कसा? गोल. मग?"

या "मग"चं उत्तर त्यांनी दिलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

"शर्टाचं बटणही गोल असतं," ताई माझ्या कानाशी पुटपुटली. ती रात्रपाळी करून आली होती. हसण्याइतकं त्राण आम्हा दोघींतही नव्हतं.

मग विधी सुरू झाला. बाबांसोबत आलेल्या शिष्याने चाकाभोवती चादर धरायची, बाबांनी तिच्यामागे बसून चाकाशी बोलायचं आणि आम्ही ओठ मिटून हुंकार भरायचा. मला दुसरा उद्योग नव्हता म्हणून मी घड्याळ बघत होते. पहिल्या तीन चाकांना प्रत्येकी पन्नास सेकंदांच्या आसपास लागले. चौथ्याला, म्हणजे पुढच्या उजव्या चाकाला, तीन मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यापुरता शिष्य ओरडत होता, "जोरात! आणखी जोरात! वाट मोकळी होतेय!" आईची खुर्ची त्या चाकापासून हातभर अंतरावर होती.

ताईने पुन्हा गाडी काढली, पुन्हा हात सोडले. गाडी सरळ गेली.

टाळ्या थांबल्यावर बाबांनी नियम सांगितले. चाळीस दिवस चाकांना परका हात लावायचा नाही, पंपावर हवासुद्धा भरायची नाही. अजून दोन बैठका होतील. तिसऱ्या बैठकीनंतर गाडी घरात ठेवायची नाही, बाबा ती घेऊन जातील. जाता जाता ते आईकडे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तो बोलावतोय, माते. तयारीत असा."

रात्री आई मला म्हणाली, "अण्णांनी सुस्कारा सोडला. मी ऐकला. चांगला लांब. कामावरून दमून आल्यावर सोडायचे ना, तस्सा."

मी वाद घातला नाही. सात महिन्यांत मी या घरात पुष्कळ वाद घातले होते आणि त्यांतला एकही जिंकले नव्हते.

चौथ्या दिवशी ताईला आईच्या उशीखाली रक्तदाबाच्या गोळ्या सापडल्या. चार. ताईने तिथेच दंडाला पट्टा बांधून मोजलं, तर रक्तदाब एकशे अठ्ठ्याहत्तरावर एकशे चार.

"आई, हे काय चालवलंयस?"

"त्यांनी बोलावलंय, तर मी कशाला अडवू?"

"अगं, मी रोज लोकांच्या आयांना गोळ्या भरवत फिरते! आणि माझी आई..."  ताई स्वयंपाकघरात गेली आणि तिने उगाच नळ सोडला. आईने शांतपणे कपाट उघडलं आणि कुणाला कुठली साडी द्यायची ते मला दाखवायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी थंड असताना, मी चारही चाकांची हवा मोजली. बत्तीस, बत्तीस, बत्तीस. पुढच्या उजव्या चाकात अठरा.

मी गाडी धीम्या वेगाने मिस्त्रींच्या गॅरेजवर नेली. ते दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीखाली होते, फक्त पाय दिसत होते. मी पायांना आकडे सांगितले.

"चाकबाबा येऊन गेला वाटतं," पाय म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

मिस्त्री बाहेर सरकले, बसले आणि फडक्याने बोटं पुसू लागले. "जुनी गाडी विकायची असली की आम्ही करायचो ते. गाडी डावीकडे खेचते? मग उजव्या चाकातली हवा सोडायची. मऊ चाक जड फिरतं, आपल्या बाजूला ओढतं. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की गाडी सरळ. गिऱ्हाईक चक्कर मारून खूश, आपणही खूश. चार दिवसांनी बोंब. चार वर्षं होता तो माझ्याकडे. मीच शिकवलं त्याला."

"मग लोकांना सांगत का नाही?"

"सांगितलं की. म्हणाले, मिस्त्री जळतो." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. "आण इकडे गाडी. मूळ दुखणं बघू. त्याने ते झाकलंय फक्त. मऊ चाक वेगात तापतं, फुटलं तर गेलीच तुझी बहीण."

त्यांनी चारही चाकांत बत्तीस हवा भरली. गाडी पुन्हा डावीकडे जायला लागली. मग पुढच्या दोन चाकांची अदलाबदल केली. दोष टायरचा असता, तर गाडी आता उजवीकडे गेली असती, पण ती डावीकडेच गेली. पाच किलोमीटर फिरून आल्यावर त्यांनी मला दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात धरायला सांगितला. ऊब सारखीच होती, म्हणजे कुठलाही ब्रेक अडकलेला नव्हता. गोदामासमोरच्या सपाट आवारात आम्ही ती दोन्ही दिशांनी चालवली, म्हणजे रस्त्याच्या उताराचा प्रश्न मिटला. मी टेप धरून मोजलं, पन्नास मीटरांत गाडी एक मीटर चाळीस सेंटिमीटर डावीकडे सरकत होती. ब्रेक मारला की त्याहून जास्त.

"ब्रेकला वाढतंय ना? मग खाली बघायचं," मिस्त्री म्हणाले.

गाडी जॅकवर चढवून त्यांनी डाव्या चाकाला धरणाऱ्या लोखंडी हाताच्या मागच्या टोकाशी पहार घातली आणि दाबली. हात मागे सरकला. मी मोजलं, नऊ मिलिमीटर. तो जिथे गाडीला जोडलेला असतो तिथलं जाड रबर अर्ध्याहून जास्त फाटलं होतं. त्यामुळे डावं चाक किंचित मागे जायचं, त्याचा कोन बदलायचा आणि गाडी तिकडे झुकायची.

शनिवारी मी हे सगळं आईला कागदावर काढून दाखवलं. तिने लक्ष देऊन पाहिलं.

"असेल हो," ती म्हणाली. "तू खोटं कशाला सांगशील? पण सुस्कारा मी माझ्या कानांनी ऐकलाय."

गोळी तिने घेतली नाही.

रविवारी दुसऱ्या बैठकीला अडतीस माणसं आली. बाबांनी मागच्या चाकांपासून सुरुवात केली. चादर ताणली गेली, हुंकार सुरू झाला. आदल्या संध्याकाळी मी मिस्त्रींना आईच्या सुस्काऱ्याबद्दल सांगितलं होतं. ते तेलकट कपड्यांतच आले, पुढच्या उजव्या चाकाशी उकिडवे बसले आणि त्यांनी हवा भरायच्या तोंडावरची टोपी काढून आतल्या पिनेवर एक खिळा टेकवला.

हुंकाराच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. पण आईची मान झटकन वळली.

"परत करा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी पुन्हा दाबलं.

"अहो, थांबा ना जरा सगळे! मला ऐकू येत नाहीये!"

आई इतक्या मोठ्याने बोलल्याचं अंगणाने कधी ऐकलं नव्हतं. हुंकार विझला. आई खुर्चीवरून उठली, गुडघा धरत चाकापाशी बसली आणि तिने मिस्त्रींच्या हातातून खिळा घेतला. तिने स्वतः पिन दाबली. लांब, दमलेला आवाज अडतीस जणांनी ऐकला. तिने बोट उचललं, आवाज थांबला. परत दाबलं, परत आला.

चादरीमागून बाबा बाहेर आले. "माते, घाबरू नका! आत्मा वाऱ्याच्याच वाटेने जातो! या अपवित्र हातांनी..."

"मग पंपावर रोज भरतात तो कोण?" आईने विचारलं.

आधी एक मुलगा हसला, मग त्याची आई, मग बरेच जण. "अज्ञान! घोर अज्ञान!" असं म्हणत बाबा शिष्याला चादर गुंडाळायला लावून निघाले. काकू आणि आणखी पाच जण त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. तीन जणांनी तिथेच त्यांना आपापल्या घरी येण्याचं निमंत्रण दिलं, हेही मी पाहिलं.

मी हवामापक आणला. चाकात एकवीस उरली होती. आई जमिनीवरच बसून होती.

"म्हणजे ते नव्हतेच," ती म्हणाली.

"नव्हते, आई."

ती रडली. ताई तिच्याजवळ जाऊन बसली. मी टोपी शोधून चाकाला बसवली.

सोमवारी नवं रबर बसवताना आई गॅरेजवर आली. मिस्त्रींनी जुनं काढून तिच्या हातात ठेवलं.

"हे कधी फाटलं?"

"एका दिवसात नाही फाटत, वहिनी. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. साहेब स्टिअरिंग उजवीकडे रेटून चालवत असणार. सवय होते माणसाला, कळतही नाही."

"त्यांचा उजवा खांदा दुखायचा," आई सावकाश म्हणाली. "रोज मलम चोळायचे मी. म्हणायचे, वय झालं." आणि मग त्या रबराकडेच बघत, "सांगायचं होतं ना हो."

खांद्याचं दुखणं त्यामुळेच होतं, हे मी सिद्ध करू शकत नाही. आता कुणीच करू शकणार नाही. पण हा अंदाज निदान एका खऱ्या माणसाबद्दल आहे.

हे लिहिताना मला फारशी आशा वाटत नाही. बाबांची पुढची बैठक दोन गल्ल्या सोडून झाली आणि तिथेही टाळ्या पडल्या, असं कळलं. तरी सांगते. कुणी चादरीमागे बघू देत नसेल, तर चादर खाली घ्यायला सांगा. कुणी मोठ्याने हुंकार भरायला लावला, तर गप्प बसून ऐका. अमुक गोष्टीला हात लावू नका असं सांगितलं, तर तीच आधी मोजा. दुःख खरं असतं, पण त्याचा अर्थ दुसऱ्याकडून न तपासता घेऊ नका. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

नवं रबर बसवून चाकांचे कोन जुळवून घेतल्यावर, त्याच आवारात, चारही चाकांत बत्तीस हवा असताना, गाडी पन्नास मीटरांत सात सेंटिमीटर डावीकडे गेली. आईचा रक्तदाब, गोळी पुन्हा सुरू केल्यापासून अकराव्या दिवशी, सकाळी साडेआठला, बसलेल्या स्थितीत, डाव्या दंडावर : एकशे छत्तीसवर चौऱ्याऐंशी.