मुक्या वाद्यातले काका

फर्निचरच्या दुकानावरचं ते सभागृह एरवी रिकामंच असायचं. त्या दिवशी मात्र जिन्याच्या पायऱ्यांवरही माणसं बसली होती. आत व्यासपीठावर एका स्टुलावर कीबोर्ड ठेवलेला होता आणि लोक त्याच्याकडे श्वास रोखून बघत होते. शेजारी, गेलेल्या माणसांचे आवाज ऐकवतात अशी ख्याती असलेले स्वरगुरू उभे होते. राखाडी सूट, अनवाणी पाय, हातात माइक.

"हे वाद्य मुकं आहे," ते म्हणाले. "यात तार नाही, भाता नाही, स्पीकर नाही. वाद्य निमित्त असतं. कुठलंही मुकं वाद्य आणा, स्वर त्यात उतरेल. देह जातो, स्वर राहतो."

खात्री करून घ्यायला त्यांनी पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त इंजिनिअरांना वर बोलावलं. साहेबांनी कीबोर्ड उलटा केला, ठोकला, कान लावला आणि माइकवर जाहीर केलं, "आत काहीच नाही." निवृत्तीनंतर त्यांच्या हातात कुणी माइक दिलेला नसावा, कारण त्यांनी ते दोनदा सांगितलं.

मग एका बाईंनी मधली पट्टी दाबली आणि त्यांच्या वारलेल्या वडिलांचा आवाज सभागृहात घुमला, "जेवलीस का बाळा?" आवाज वरून आला. सगळ्यांनी माना वर केल्या. वर छताला स्पीकर टांगलेले होते, पण ते कुणाला दिसले नाहीत. लोक त्यांच्याही वर बघत होते.

मावशी मला आग्रहाने तिथे घेऊन गेली होती. तिच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली आहे. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या तिच्यामागे कायमच्या लागल्या. त्या ती काकांच्या धाकाने घ्यायची. काका धडधाकट होते, म्हणून कुणाचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं, आणि तेच आधी गेले. आता मावशीला गोळ्यांचा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर एकूणच सगळ्याचा आला होता.

तिची पाळी आली. माइक तोंडापाशी धरला तरी ती घरात बोलावं तसंच बोलली.

"अहो, या गोळ्यांनी जीव विटलाय माझा. घेत राहू का?"

पट्टी दाबल्यावर आधी काकांचा खोकला आला, मग काका. "नको गं, आता पुरे."

मावशी ढसाढसा रडली. माझ्याही अंगावर काटा आला, हे कबूल करते. आवाज हुबेहूब काकांचा होता. तिला आधार देऊन उठवताना माझा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाकडच्या पट्टीवर पडला, आणि काका पुन्हा खोकले, पुन्हा "नको गं, आता पुरे" म्हणाले, पण चिमुकल्या, घाईघाईच्या आवाजात.

स्वरगुरू जरासुद्धा गडबडले नाहीत. "हा त्यांचा बालपणीचा स्वर," ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. काका पाळण्यात असल्यापासून मावशीला 'नको गं' म्हणत होते, याचं नवल एकालाही वाटलं नाही.

मला वाटलं, कारण तो चिमुकला आवाज माझ्या रोजच्या ऐकण्यातला होता. मी शाळेत संगीत शिकवते. आमच्या वर्गात असाच कीबोर्ड आहे आणि सातवीच्या मुलांनी त्यावर मुख्याध्यापकांच्या शिंकेचं एक अख्खं गाणं बसवलंय. डाव्या टोकाला मुख्याध्यापक झोपेत शिंकल्यासारखे वाटतात, उजव्या टोकाला उंदरासारखे.

हे मी मावशीला रस्त्यातच सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "तुझ्या शाळेच्या पेटीत तुझे काका येतील का?" तिने विचारलं आणि घरी गेल्यावर गोळ्यांचा डबा कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिला. डॉक्टरांना फोन केला तर ते माझ्यावरच खेकसले. गोळी बंद राहिली तर झडपेवर रक्ताची गुठळी होईल आणि मग कुणाचाच आवाज ऐकू यायचा नाही, असं म्हणाले. मी तसंच्या तसं मावशीला सांगितलं. ती म्हणाली, मग काकांची भेट लवकर होईल.

पुढच्या बैठकीला मी शाळेचा कीबोर्ड पिशवीत घालून नेला. मला एका स्वराशी बोलायचंय आणि वाद्य घरून आणलंय, असं सांगितलं. कुठलंही मुकं वाद्य चालतं हे स्वरगुरूंनीच भर सभेत सांगितलेलं, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. इंजिनिअरसाहेब न बोलावता वर आले, कान लावला आणि म्हणाले, "आत काहीच नाही."

मी पट्टी दाबली. मागच्या रांगेतून स्वरगुरूंचा आवाज आला, "देह जातो, स्वर राहतो."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं आणि मग स्वरगुरूंकडे. तोंड तर त्यांचं बंद होतं.

"महाराज, आपण कधी वारलात?" मी विचारलं. "कळलं असतं तर भेटायला आले असते."

आपला स्वर देहाआधीच अमर झालाय, असं काहीसं ते पुटपुटले. माणूस हजरजबाबी खरा. मग मी दुसऱ्या पट्ट्यांवर इंजिनिअरसाहेबांचं "आत काहीच नाही" एका बालगीताच्या चालीवर वाजवलं. सभागृह हसलं. साहेब तेवढे हसले नाहीत.

मग मागच्या खुर्चीवरचा माझा लॅपटॉप आणि छोटा स्पीकर मी पुढे आणला आणि सांगितलं ते असं. दाराबाहेरचं बटण दाबलं की घंटा घरात वाजते, बटणात घंटा नसते. हा कीबोर्डही तसलंच बटण आहे. कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात, एवढंच तो कम्प्युटरला कळवतो, तेही बिनतारी. कुठला आवाज काढायचा ते कम्प्युटर ठरवतो. त्यात सतार भरा, सतार वाजेल. बाबांचा आवाज भरा, बाबा बोलतील. महाराजांचं आणि साहेबांचं बोलणं मी मागच्या बैठकीच्या व्हिडिओतून भरलं. वरची पट्टी दाबली की तोच तुकडा भरभर आणि बारीक वाजतो. त्यालाच इथे बालपण म्हणतात.

कुणीतरी जाऊन व्यासपीठामागचा पडदा बाजूला केला. तिथे कानाला हेडफोन लावलेला एक शिष्य लॅपटॉपसमोर बसला होता. कुणी काय विचारलं ते ऐकून, त्याला साजेसा तुकडा लावून द्यायचं त्याचं काम. तुकडे मिळायचे कुठून, तर 'स्वरशुद्धी'साठी म्हणून आधी मागून घेतलेल्या, गेलेल्या माणसांच्या फोनमधून. काकांचाही फोन मावशीने असाच दिला होता, तो नंतर परत मिळाला. लोक बराच वेळ त्या शिष्याकडे बघत राहिले. तो बिचारा लॅपटॉप बंद करायचं विसरला.

मला वाटलं, जिंकले. घरात आल्यावर मावशी म्हणाली, "ते सगळं पटलं मला. पण आवाज त्यांचाच होता ना? आणि नको म्हणाले."

आवाज काकांचाच होता. मी काकांचा फोन चार्जिंगला लावला आणि आम्ही दोघी त्यांनी मावशीला पाठवलेले आवाजी निरोप एकेक करून ऐकायला बसलो. नळवाल्याची वाट बघतोय, किल्ली शेजारी दिलीय, चष्मा सापडला. मावशी मधूनच हसत होती, मधूनच पदर डोळ्यांना लावत होती. आणि मग तो खोकला आला.

"नको गं, आता पुरे. भाजी घरात ढीगभर आहे. येताना तुझ्या गोळ्या तेवढ्या आण, संपल्यात. आणि विसरलीस तर तशीच परत पाठवीन."

मावशीने तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग स्वतःच लावला. मग स्टूल ओढून वरच्या खणातला डबा काढला आणि चप्पल घालून दाराशी उभी राहिली. डॉक्टर तिला भरपूर रागावले, रक्त तपासलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

काकांचे निरोप आता मावशीच्या फोनमध्ये आहेत. ती ते हवे तेव्हा ऐकते आणि तिने ऐकावेतच, त्यात गैर काहीच नाही. माझं सांगणं इतकंच आहे. आवाज खरा निघाला म्हणून चमत्कार खरा ठरत नाही. तो कुठून येतो ते विचारा, पडदा असेल तर बाजूला करा आणि वाक्याचा राहिलेला भाग मागून घ्या. गोळ्यांचं मात्र डॉक्टरांनाच विचारा. त्यांचा आवाज समोरून येतो.